तार सुटलेला रस

आमचं गाव निपाणीकडं, वेदगंगेच्या काठाला, घरटी ऊस. पीएचडीचं पहिलं वर्ष चालू होतं आणि विषय काही केल्या ठरत नव्हता, म्हणजे बॅक्टेरियांनी तयार केलेल्या साखरा आणि नॅनोकण एवढं सरांनी सांगितलेलं, पण कुठला बॅक्टेरिया, कुठली साखर, काहीच नाही. त्यात शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली म्हणून बेळगावहून घरी आले तर आमच्या वरच्या रानातला ऊस तोडून तीन दिवस झालेले आणि मोळ्या तशाच बांधावर पडलेल्या, टोळी तोडून पुढच्या शेतात गेली पण ट्रॅक्टर काही येईना. आप्पा दिवसातून चारदा फोन लावत होते. ऊन बऱ्यापैकी होतं आणि मोळ्यांजवळ गेलं की आंबूस वास यायचा, ताडीसारखा नाही, वेगळाच, जरा गोडसर.

शेजारच्या गुऱ्हाळात चार कांड्या घालून मी रस काढून आणला आणि तांब्यात झाकून ठेवला, उगीच बघूया म्हणून. सकाळी चमचा घालून वर उचलला तर रस पडेचना, चमच्यापासून तांब्यापर्यंत वीतभर लांब दोरा, पाक जास्त झाल्यावर येतो तसा पण हा थंड. आप्पा आंघोळीला चाललेले, थांबून बघितलं आणि म्हणाले, "रसाला तार सुटलीया, टाकून दे. काय करालीस त्येचं?"

मी टाकला नाही. उकळून घेतलेल्या बाटलीत भरला, आईच्या डब्याच्या पिशवीत बर्फाच्या पुड्यांमध्ये घालून लाल बसनं बेळगावला आणला.

ती तार कशाची असते हे मला पुस्तकातून माहीत होतं पण पुस्तकातलं आणि आपल्या रानातलं एकच आहे हे डोक्यात जुळलेलं नव्हतं. ऊस तोडला की तोडलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे बॅक्टेरिया आत शिरतात, ते मातीत, पाचटात, कोयत्यावर सगळीकडं असतातच, आणि त्यांना उसातली साखर म्हणजे सुक्रोज मिळालं की ते एक एन्झाइम बाहेर सोडतात, डेक्स्ट्रानसुक्रेज. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. हे एन्झाइम ती जोडी तोडतं, ग्लुकोज एकापुढं एक ओवून लांबच लांब साखळी करतं आणि फ्रुक्टोज तसंच मोकळं सोडून देतं. ती साखळी म्हणजे डेक्स्ट्रान, आप्पांची तार. फ्रुक्टोजचं हे मोकळं सुटणं लक्षात ठेवा, त्यानंच माझं एक वर्ष घेतलं.

असा चिकटपणा सूक्ष्मजीवांमुळं होतो हे पाश्चरनं १८६१ मध्ये सांगितलं आणि ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस हे नाव १८७८ मध्ये व्हॅन टीगेमनं दिलं. साखर कारखान्यांना हा जुना वैरी आहे. रस दाट होतो, फिल्टर तुंबतात, उकळायला वेळ लागतो आणि साखरेचा दाणा चौकोनी यायचा तो लांबट सुईसारखा येतो. नळ्या-टाक्यांत त्याचे जे गोळे साठतात ते बेडकाच्या अंड्यांसारखे दिसतात. गुऱ्हाळवाल्यांनाही माहीत आहे, शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही म्हणतात, तिथं साखर फुटण्याचंही कारण असतं, पण मूळ एकच, तोडलेला ऊस पडून राहिला. आणि हाच बॅक्टेरिया आपल्या इडलीच्या पिठात पहिल्या काही तासांत पीठ फुगवायचं काम करतो, आणि हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून, ठराविक लांबीचे तुकडे करून सलाईनच्या बाटलीतून रक्ताचं प्रमाण टिकवायला देतात, लोहाच्या एका इंजेक्शनातही तेच असतं. एकाच गोष्टीला रानात टाकून दे म्हणायचं आणि दवाखान्यात शिरेतून द्यायचं, मला तेव्हापासून या साखरेचं वेडच लागलं.

लॅबमध्ये आमची सीनियर अक्का, धारवाडकडची, कन्नड बोलणारी, मराठी सगळं समजतं, बोलताना निम्मं-निम्मं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की प्लेटमध्ये व्हॅन्कोमायसिन घाल, कारण बहुतेक ग्राम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया त्या अँटिबायोटिकनं मरतात पण ल्युकोनोस्टॉक जन्मतःच त्याला दाद देत नाही. एमआरएस नावाच्या, हे बॅक्टेरिया वाढवायच्या माध्यमात ग्लुकोजऐवजी साखर घातली, रस पातळ करून पसरला, तीस डिग्रीला ठेवला. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर काचेचे मणी वितळावेत तशा कॉलनी, चकचकीत, काही तर एकमेकींत मिसळून ओघळलेल्या. सुई लावून उचललं की तार. मायक्रोस्कोपखाली गोल गोल जोड्या आणि छोट्या माळा, कॅटलेज निगेटिव्ह, डरहॅम नळीत गॅस. पुढं बॅक्टेरियाची ओळख पटवणारा १६एस जीन वाचून घेतला तेव्हा नाव पक्कं झालं, पण मला खात्री त्या तारेनंच झालेली.

मग खरा व्याप. दहा टक्के साखरेच्या माध्यमात दोन दिवस वाढवलं की फ्लास्कमधलं सगळं पातळ खळीसारखं होतं, आणि ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं तर बॅक्टेरिया खालीच बसत नाहीत, दाटपणामुळं. पहिले दोन आठवडे मी नुसतीच जास्त वेगानं, जास्त वेळ फिरवत राहिले. उपाय साधा होता, दुप्पट पाणी घालून पातळ करायचं. वरचं निवळ घ्यायचं, त्यात प्रोटीन काढायला थोडं टीसीए नावाचं ॲसिड, खाली बसलेलं प्रोटीन फिरवून टाकायचं आणि मग गार इथेनॉल, तिप्पट. हा भाग मला फार आवडायचा आणि अजून आवडतो. इथेनॉल बारीक धारेनं सोडत काचेच्या कांडीनं हळूहळू ढवळत राहायचं, आधी काहीच होत नाही, मग दुधासारखी एक वेटोळी दिसते, विरते, परत दिसते, आणि एका क्षणी पांढरे धागे कांडीला गुंडाळायला लागतात, शेवया ओल्या असताना चिकटतात तसे. कांडी वर उचलली की सगळं लोंबतं. रात्रभर चार डिग्रीला ठेवलं की उरलेलंही खाली येतं. मी ते पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी आप्पांना फोटो पाठवला, त्यांनी विचारलं, "दूध नासलं काय?"

किती मिळालं ते मोजायला फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडची पद्धत, १९५६ सालची, ड्युबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, आजही बऱ्याच लॅब तीच वापरतात. नमुना एक मिली, पाच टक्के फिनॉल एक मिली आणि वरून पाच मिली कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड, एकदम, पृष्ठभागावर सरळ सोडायचं म्हणजे सगळ्या नळ्या सारख्या तापतात. नळी हाताला चटका बसेल इतकी गरम होते आणि नारिंगी रंग येतो, तो ४९० नॅनोमीटरला मोजायचा. माझा आकडा आला लिटरमागं अठ्ठावन्न ग्रॅम. मी खूश. वहीत लाल पेनानं गोल केला, सरांना दाखवायच्या आधी अक्काला दाखवला.

अक्कानं वही घेतली, मागच्या पानावर दोन आकडे लिहिले. सुक्रोजचं वजन ३४२, त्यातला साखळीत जाणारा ग्लुकोजचा मणी १६२. म्हणजे लिटरमधली शंभर ग्रॅम साखर सगळीच्या सगळी वापरली तरी डेक्स्ट्रान सत्तेचाळीसच्या वर जाऊच शकत नाही. "अठ्ठावन्न कुठनं आणलीस गं?" आणि मग, "हंग माडब्याड (असं करू नको). धू आधी, नीट धू."

झालं होतं असं की त्या ॲसिडला सगळ्याच साखरा सारख्या. डेक्स्ट्रान असो, उरलेली सुक्रोज असो, मोकळं फ्रुक्टोज असो, सगळ्यांना रंग येतो. आणि दहा टक्के साखरेत इथेनॉल ओतलं की डेक्स्ट्रानबरोबर साधी साखरही थोडी खाली येतेच. मी सगळ्याची बेरीज डेक्स्ट्रान म्हणून लिहिलेली. डायलिसिसच्या पिशवीत भरून तीन दिवस पाणी बदलत राहायचं असतं, पिशवीच्या भोकांतून लहान साखरा बाहेर जातात, लांब साखळ्या आत राहतात, आणि मी एक रात्र ठेवून काढलेली कारण फ्रीझ ड्रायरचा, म्हणजे गोठवून वाळवायच्या मशीनचा, नंबर दुसऱ्या दिवशीचा होता, तो गेला की परत दोन आठवडे. नीट तीन दिवस धुतल्यावर आकडा एकोणीस ग्रॅमवर आला. फ्रीझ ड्रायरमधून निघालेलं ते पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं, बाटलीत भरलं तर वजनच लागेना हाताला.

इथवर ठीक होतं, अशा चुका सगळ्यांच्या होतात. पण अर्धवट धुतलेली जी पहिली बाटली होती त्यातलं डेक्स्ट्रान मी आधीच चांदीला लावून बसले होते.

नॅनोकणांचं थोडक्यात सांगते. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात चांदी आयनच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूच्या, रूपात असते, रंग नाही. त्या आयनला कुणी इलेक्ट्रॉन दिला की तो धातू होतो आणि असे हजारो अणू जमून बारीक कण होतो, काही नॅनोमीटरचा, म्हणजे आपला केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. इतक्या लहान चांदीचा रंग चांदीसारखा नसतो, पिवळा ते विटकरी असतो, कुठल्या लांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजलं तर चारशे ते साडेचारशे नॅनोमीटरच्या दरम्यान एक टेकाड दिसतं. कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नये म्हणून त्यांच्याभोवती कशाचं तरी वेष्टण लागतं आणि ते काम साखरेची लांब साखळी छान करते.

मी एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, त्यात डेक्स्ट्रान, दोन-तीन थेंब अल्कली, वॉटर बाथमध्ये ऐंशी डिग्री. पाच मिनिटांत पिवळं, दहा मिनिटांत चहा. टेकाड ४१८ ला, सुरेख, एकच, अरुंद. सेमिनारमध्ये दाखवलं, टाळ्या पडल्या, कुणीतरी ग्रीन सिंथेसिस, म्हणजे घातक रसायनांशिवाय केलेलं, असं म्हणालं, मीही मान हलवली. नीट धुतलेलं डेक्स्ट्रान आल्यावर तेच परत केलं, सिल्व्हर नायट्रेटची तीच बाटली, तोच बाथ. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, नळी पाण्यासारखी स्वच्छ. दोन तासांनी कुठं उन्हात ठेवलेल्या कागदासारखी पिवळी झाक.

मला वाटलं सिल्व्हर नायट्रेट खराब झालं. नवीन आणलं. अल्कली बदललं. तीन आठवडे गेले, बोटांची टोकं काळी पडली, सिल्व्हर नायट्रेटचा डाग साबणानं जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातो, त्यातच मामेबहिणीची हळद आली आणि आई सगळ्यांना सांगत फिरत होती की काही नाही, लॅबमधलं औषध आहे ते.

सर एरवी फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले की डायलिसिसचं बाहेरचं पाणी फेकतेस का ठेवतेस? मी फेकत होते. पुढच्या वेळी पहिल्या दिवसाचं बाहेरचं पाणी ठेवलं, आटवून थोडं केलं आणि तीन नळ्या मांडल्या. एकीत धुतलेलं डेक्स्ट्रान, दुसरीत हे फेकायचं पाणी, तिसरीत बाटलीतलं विकतचं फ्रुक्टोज. बाथमध्ये घातल्या आणि तिथंच उभी राहिले. दुसरी आणि तिसरी बरोबरीनं पिवळी झाली, बरोबरीनं विटकरी. पहिली तशीच.

म्हणजे माझ्या डेक्स्ट्राननं चांदी केलीच नव्हती. बॅक्टेरियानं साखळी ओवताना जे मोकळं सोडून दिलेलं फ्रुक्टोज, ते मळासारखं चिकटून आलेलं, त्यानं केली. डेक्स्ट्रानच्या लांबलचक साखळीला इलेक्ट्रॉन देणारं टोक एकच असतं, एवढ्या मोठ्या साखळीला एक टोक, ते किती आयनना पुरणार. फ्रुक्टोज मात्र अल्कलीत भराभर देतं. डेक्स्ट्रान फक्त कण सांभाळत होतं, तेही महत्त्वाचंच, पण वेगळं काम. रात्री होस्टेलवर बसून जुन्या वहीतलं सेमिनारचं पान काढलं, टाळ्या पडलेलं, आणि खाली तारीख घालून लिहिलं की हा निकाल चुकीचा आहे आणि का ते. पान फाडलं नाही. मला अजूनही वाटतं की या तीन नळ्या माझ्या सगळ्या कामातल्या सगळ्यात मोलाच्या, कारण त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारायला लागले की हे नक्की कोण करतंय.

आणि विषारीपणाच्या कामात तोच प्रश्न सगळ्यात जास्त लागतो.

पुढं मी कण मुद्दाम दोन प्रकारचे केले, एक सायट्रेटचं, म्हणजे लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचं, वेष्टण असलेले, जे सगळे करतात, आणि दुसरे धुतलेल्या डेक्स्ट्रानचं वेष्टण असलेले. पहिली परीक्षा कांद्यावर. कांद्याच्या मुळांवर रसायनं तपासायची पद्धत आल्बर्ट लेवान यांनी १९३८ साली आणली, गंमत बघा, बॅक्टेरियांच्या एका साखरेचं नाव पण लेवान आहे, त्यांचा तिचा काही संबंध नाही. बाजारातनं लहान कांदे आणायचे, वरची वाळकी साल आणि जुनी मुळं काढायची पण खालचं कडं दुखवायचं नाही, नळीच्या तोंडावर बसवायचे. दोन दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर मुळं. मग चोवीस तास औषधात. सकाळी नऊच्या आत टोकं कापून फिक्स करायची, आमच्या लॅबची शिस्त, तेव्हा विभागणाऱ्या पेशी जास्त मिळतात म्हणून. मग गरम ॲसिडमध्ये मऊ करून, रंगवून, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचं. कांद्याला सोळा क्रोमोसोम, मोठे, ठळक, बघायला फार सोपे. ओढताना मध्येच तुटून राहिलेला तुकडा, दोन टोकांमध्ये ताणलेला पूल, मागं राहिलेला एखादा क्रोमोसोम, एकदा डोळ्याला सवय झाली की चटकन दिसतं. दर कांद्यामागं हजार पेशी मोजायच्या. मान आखडते, पण मोजायच्या.

पहिल्या फेरीत साध्या सिल्व्हर नायट्रेटमधली मुळं अगदी छान वाढलेली आणि नॅनोकणांतली खुरटलेली. वाचून कुणालाही वाटेल कणच घातक, आयन निरुपद्रवी. पण साध्या चांदीच्या आयननं काहीच होऊ नये हे पटण्यासारखंच नाही. दोन दिवस घोळत बसले. मग लक्षात आलं, त्या आठवड्यात डिस्टिल्ड वॉटरचं मशीन बंद होतं म्हणून कांद्याच्या नळ्यांत मी बोअरचं पाणी वापरलेलं. आमच्याकडं बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते किटलीत बघा. ग्लासात ते पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा एकच थेंब सोडला, पांढरा ढग उमटला आणि हळूहळू खाली बसला. सिल्व्हर क्लोराइड. दहावीच्या प्रयोगात आहे हे. नळीतली आयन चांदी मुळांपर्यंत गेलीच नव्हती, क्लोराइडनं धरून तळाला बसवलेली. डिस्टिल्ड पाण्यात परत केलं तर सिल्व्हर नायट्रेटची मुळं सगळ्यात आधी तपकिरी, मऊ, लोळागोळा.

म्हणून मग मांडणीच बदलली आणि ती शेवटपर्यंत तशीच ठेवली. नुसतं पाणी. नुसतं डेक्स्ट्रान. सिल्व्हर नायट्रेट. कण. आणि पाचवं, कणांची गाळलेली निवळी, म्हणजे कण ज्यातून जाणार नाहीत पण आयन जातील अशा फिल्टरच्या नळीत सेंट्रिफ्यूज करून खाली आलेलं पाणी. चांदीचे कण पाण्यातल्या ऑक्सिजननं हळूहळू विरघळतात, आयन सोडतात, ही निवळी म्हणजे कण काढून घेतल्यावर उरलेली तेवढी चांदी. ती मोजायला बाहेर पाठवायची, पैसे जातात, पण त्याशिवाय कणानं मारलं का कणातून सुटलेल्या आयननं मारलं हे सांगताच येत नाही. मी नंतर पेपर वाचताना सगळ्यात आधी हीच ओळ शोधते. नसली तर पुढचे रंगीत आलेख मला काही सांगत नाहीत.

झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांवरच्या कामासाठी दीड महिना दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये गेले. ओईसीडी या देशांच्या संघटनेची त्यासाठी २०१३ सालची ठरलेली पद्धत आहे, अंडी फळल्यापासून दीड तासाच्या आत औषधात घालायची, शहाण्णव तास बघायचं, दर चोवीस तासांनी चार गोष्टी तपासायच्या: अंडं दुधाळ होऊन गेलं का, पाठीवर कप्पे पडले का, शेपूट बलकापासून सुटली का, हृदय चालतंय का. एका तीव्रतेला वीस अंडी. सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात म्हणून आमचाही दिवस दिव्याबरोबर. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, काचेसारखं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि आत हृदय धडधडताना दिसलं, रक्ताचे थेंब एकेक सरकताना, मी काही वेळ मोजायचंच विसरले. प्लेटमधल्या प्रत्येक घरात एक असा जीव आहे आणि त्यात मी काय घालतेय याचा हिशेब आपल्याकडं चोख पाहिजे असं त्या दिवशी फार वाटलं.

तिथं सायट्रेटवाल्या कणांनी वेगळंच दाखवलं. अंड्यांच्या पाण्यात मीठ असतं. सायट्रेटचे कण एकमेकांना विद्युतभारानं दूर ठेवतात, मीठ आलं की तो भार झाकला जातो, पिवळं पाणी बघता बघता राखाडी झालं आणि कण गोळे होऊन तळाला बसले. अंडी पण तळालाच असतात, म्हणजे सगळा गाळ त्यांच्या अंगावर. डेक्स्ट्रानवाले मात्र दुसऱ्या दिवशीही तसेच पिवळे, कारण लांब साखळ्यांची झालर कणांना जवळच येऊ देत नाही, मीठ असो नसो. आता बाटलीवर दोघांचाही डोस सारखाच लिहिलाय, पण अंड्याला मिळालेला डोस सारखा आहे का? डेक्स्ट्रानच्या घरांत कमी मेली. ती साखरेच्या मायेनं वाचली का फक्त गाळ अंगावर पडला नाही म्हणून? मग आम्ही प्लेट हळू हलती ठेवून एक फेरी केली, गाळ बसू नये म्हणून, तेव्हा दोघांतला फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही. निवळीच्या घरांतले मृत्यू धरले तर बहुतेक हिशेब आयनवरच लागत होता. तरी कणांच्या घरांत काही पिल्लांच्या हृदयाभोवती पाणी भरून फुगलेलं दिसलं ते निवळीच्या घरांत दिसलं नाही. ते आयनवर ढकलता येत नाही.

परत बेळगावला आल्यावर दोन महिन्यांनी उरलेल्या बाटलीतून कांद्यावर एक जादा फेरी केली, तक्त्यात एक रकाना रिकामा होता म्हणून. तीच बाटली, डेक्स्ट्रानची, जिच्यावर मी अभिमानानं कमी विषारी असं लिहिलेलं. मुळं सिल्व्हर नायट्रेटसारखी गेली. निवळी तपासली तर सुटलेली चांदी आधीपेक्षा कितीतरी जास्त. डेक्स्ट्रानवर विद्युतभार नसतो, ते कणाभोवती झालर धरतं पण सुटलेला आयन धरून ठेवायला त्याच्याकडं फारसं काही नाही. बाटली शेल्फवर नुसती उभी होती आणि रोज थोडी थोडी बदलत होती. वरून बघितलं तर तोच रंग.

थीसिसच्या शीर्षकात "ग्रीन आणि बिनविषारी" घाला, चांगलं दिसतं, असं मला एकदा नाही तीनदा सुचवलं गेलं. मी घातलं नाही. बॅक्टेरियाच्या साखरेत बसवली म्हणून चांदी बदलत नाही. ती मोज्यांत घालतात, जखमेच्या पट्टीत घालतात, धुवून निघते आणि सांडपाण्यात जाते, तिथं बरीचशी सल्फाइड होऊन बसते हे खरं, पण प्रत्येक गावाचं सांडपाणी काही प्लँटमध्ये जात नाही. आमच्याकडंच वेदगंगेत काय काय येतं ते मी लहानपणापासून बघतेय. मोज्यावर ग्रीन लिहिणारा कण किती दिवसांचा आहे ते सांगत नाही.

गेल्या दिवाळीत घरी हे सगळं आप्पांना सांगत होते. ते पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होते, सगळं ऐकून घेतलं, मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "मग ते इखारी हाय का न्हाई, एक काय ते सांग की." मी म्हटलं, ताजं असताना कमी, ठेवलं की जास्त, आणि पाणी कुठलं त्यावर. त्यांनी बोटानं धार बघितली.

"म्हणजे उसागतच की. तोडला कवा आन गव्हाणीत पडला कवा, ह्येच्यावर हाय सगळं. वजनाच्या पावतीवर तोडल्याली येळ कुटं लिवत्यात? वजन तेवढं लिवत्यात."

आता माझ्या प्रत्येक बाटलीवर दोन तारखा असतात, कण केल्याची आणि वापरल्याची, आणि मधले दिवस कंसात. या हंगामात वरच्या रानातल्या एकाच सरीतला ऊस आम्ही दोघांनी मिळून तोडला, आप्पांनी घड्याळ बघून सुतळीला चिठ्ठ्या बांधल्या. तोडल्या तोडल्या एक बाटली, मग चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी, बहात्तर तासांनी. पहिल्या तीन बाटल्या बेळगावला फ्रीजमध्ये आहेत. चौथी आप्पा उद्या पहाटेच्या बसनं पाठवणार आहेत, कंडक्टर ओळखीचा आहे, फक्त बर्फ जास्त घाला म्हणून मी आत्ताच परत फोन केला.